सात नंबरचा फ्रिज

आमच्या फ्रिजवाल्या चाचांइतका फ्रिजचा कैवार घेणारा माणूस औरंगाबादेत झाला नाही आणि संभाजीनगरातही होणार नाही. गावाचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, घरोघरी दोन दारांचे, तीन दारांचे, आपोआप बर्फ वितळवणारे फ्रिज आले. पण चाचांच्या लेखी या शहरात माणसांच्या दोनच जाती होत्या, फ्रिजला जपणारे आणि फ्रिजला छळणारे. मी शाळेतली बाई, चारचौघांत मान असलेली, सातवीच्या वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प बसवणारी; पण चाचांच्या यादीत माझं नाव पहिली पंधरा वर्षं दुसऱ्या जातीत होतं. ते वर सरकावं म्हणून मी केलेल्या खटपटी आठवल्या की माझी मलाच लाज वाटते.

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. पाटी नव्हती. जुन्या फ्रिजचं एक दार बाहेर खिळ्याला टांगलेलं आणि त्यावर मराठीत आणि उर्दूत 'फ्रिज' एवढाच शब्द रंगवलेला. आत उघडेबोडके फ्रिज ओळीनं उभे आणि मधे उपड्या डब्यावर चाचा. अंगानं काटकुळे, डोक्यावर जाळीची टोपी, खिशात टेस्टर, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. बालपण पैठणकडच्या खेड्यात गेल्यामुळे मराठी आमच्यापेक्षा अस्सल बोलायचे. चिडले की दखनीत शिरायचे, आणि फारच चिडले की गप्प बसायचे. एखाद्या घरातून चाचा गप्प बाहेर पडले की आळीतल्या बायका समजायच्या, हिनं फ्रिजमध्ये गरम दूध ठेवलेलं दिसतंय.

आमची पहिली भेट आमच्या पहिल्या फ्रिजच्या पहिल्याच दिवशी झाली. आमच्या ह्यांना नोकरीत कायम केलं त्या आनंदात आम्ही क्रांती चौकातल्या दुकानातून फ्रिज घेतला. टेम्पोत तो उभा मावेना म्हणून आडवा घालून आणला, घरात येताच कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बटण दाबलं. तो थोडा वेळ घरघरला आणि गप्प झाला. पेढे खायला जमलेली अर्धी गल्ली आमच्या तोंडाकडे बघायला लागली. कुणीतरी सायकलवर जाऊन चाचांना घेऊन आलं. चाचांनी फ्रिजला हातसुद्धा लावला नाही. दारातच मला विचारलं, "आडवा आणला का?" मी म्हटलं, हो. "आन् आल्या आल्या चालू केला?" मी पुन्हा हो म्हटलं. तेव्हा ते फार दुःखानं म्हणाले, "बाई, एवढ्या लांबून पाव्हणा आला, अन् तुमी त्याला दारातूनच कामाला लावलं. जरा टेकू द्यायचं का नाय त्याला?" मग त्यांनी फ्रिज नीट उभा केला, पुढचे पाय सुपारीएवढे उंच केले, म्हणजे दार आपल्या आपण लागतं, आणि आमच्याच खुर्चीवर बसून राहिले. चार वेळा चहा झाला. आमचे हे अधूनमधून "आता लावायचा का?" म्हणून विचारत आणि चाचा "तेल खाली उतरतंय, उतरू द्या" म्हणून त्यांना गप्प करत. दुपार कलल्यावर त्यांनी स्वतः बटण दाबलं आणि फ्रिज सुरू झाला. त्या दिवशीपासून ते आमच्या घरचे झाले, म्हणजे आम्ही बोलावलं नाही तरी यायला लागले.

येण्यासाठी त्यांना फ्रिज बिघडावा लागत नसे. शहागंजातून चिकलठाण्याला निघालेला माणूस आमच्या घरावरून जायचं काही कारण नाही, पण चाचा जायचे. आत आले की माझ्याशी किंवा ह्यांच्याशी नव्हे, आधी फ्रिजशी बोलणं व्हायचं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फ्रिजच्या कुशीला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मग मागचा आवाज 'साफ' आहे की 'भरलेला' हे ते सांगायचे. भरलेला असेल तर मी मागची जाळी झाडलेली नसे, आणि ते त्यांना बाहेरच्या खोलीतून कळायचं. खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढून ते फ्रिजच्या दारात धरायचे, दार लावायचे आणि तिकीट ओढून बघायचे. सहज निसटलं तर दाराचं रबर ढिलं. मग कोमट साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून ते रबराची प्रत्येक घडी पुसत बसायचे आणि त्या घडीतून माझी कोथिंबीर, माझं कढीपत्त्याचं पान, एकदा तर ह्यांची हरवलेली दात कोरायची काडी काढून माझ्या तळहातावर ठेवायचे. भाजीच्या खणाखाली पाणी साचलं तर आम्ही फ्रिज गळतो म्हणून घाबरायचो. चाचा मागच्या भिंतीतलं बारीक भोक तारेनं मोकळं करत म्हणायचे, "ह्याचं नाक चोंदलंय, दुसरं काय नाय." फ्रिज भिंतीला चिकटवलेला दिसला की त्यांचा खरा संताप व्हायचा. वीतभर जागा त्याच्या पाठीमागं हवीच. आमच्या घरी पाहुणे वाढले की आम्ही माणसं दाटीवाटीनं झोपायचो, पण फ्रिजच्या पाठीला वीतभर मोकळी जागा असायची.

सुऱ्यांचा मात्र वेगळा इतिहास आहे. त्या काळच्या फ्रिजात बर्फाच्या खणाला हिमालय चढायचा आणि तो बटण बंद करून आपोआप वितळू द्यायचा असतो हे धीराचं काम आमच्यापैकी एकीलाही जमत नसे. मी उलथन्यानं खरवडायची. एक दिवस चाचा नेमके त्याच वेळी दारात उभे. त्या पातळ पत्र्याच्या आतून गॅसची नळी जाते, टोक लागलं की सगळा गॅस जातो आणि फ्रिज कायमचा मुका होतो, हे त्यांनी मला आधी तीनदा सांगितलेलं होतं. चौथ्यांदा त्यांनी काही सांगितलं नाही. माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं, पुसलं, पिशवीत टाकलं आणि निघून गेले. आठवडाभरानं मी ते मागायला दुकानात गेले तर भिंतीवर खिळ्यांची रांग, आणि प्रत्येक खिळ्याला गावातल्या कुठल्या ना कुठल्या प्रतिष्ठित घराची सुरी, उलथनं, पेचकस लटकलेलं. एक तर चांदीच्या मुठीचा सुरा होता. मी माझ्या उलथन्याकडे बोट दाखवलं. चाचा म्हणाले, "सहा म्हैन्यांनी या. तवर लाकडी चमच्यानं भागवा." सातवीच्या वर्गात मी मुलांचे भोवरे जप्त करत असे, त्यानंतर मी ते जरा लवकर परत द्यायला लागले.

एवढा सगळ्या गावाच्या फ्रिजांचा जीव सांभाळणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातला फ्रिज बघण्यासारखा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अंग एका फ्रिजचं, दार दुसऱ्याचं, मूठ कपाटाची, रंग अर्धा पांढरा अर्धा पोपटी. पण त्या ध्यानामध्ये भाजी, दूध, पीठ असलं काही ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. तो फ्रिज एकाच गोष्टीसाठी होता. चाचीला साखरेचा आजार होता आणि तिला सकाळ-संध्याकाळ सुई घ्यावी लागायची. त्या औषधाची इवलीशी बाटली सांभाळण्यासाठी चाचांनी तो फ्रिज चार फ्रिज मोडून स्वतः बांधला होता. वेरूळला नातेवाइकांकडे मुक्कामाला गेले तर चाचा थर्मासमध्ये बर्फाचं पाणी, त्यात स्टीलची डबी, डबीत बाटली असं घेऊन एसटीत उभ्यानं जायचे, कारण मांडीवर घेतलं तर अंगाची ऊब लागते म्हणे. चाची हसायची. ती गोरी, ठेंगणी, सदा पान खाल्लेली बाई होती आणि नवऱ्याची टिंगल हा तिचा आवडता उद्योग होता. "माझ्यापेक्षा त्या बाटलीचे लाड जास्त," ती म्हणायची, "मी बर्फाची असते तर मला बी डोक्यावर घेऊन फिरला असता."

औषधाची नवी बाटली आली की चाची खोकं घेऊन माझ्याकडे यायची. त्यावरचं बारीक इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं आणि चाचांना त्यांच्या चष्म्यातून दिसत नव्हतं. "तारीख बघा, बाई," एवढंच ती म्हणायची. मी खिडकीशी जाऊन तारीख वाचायची, "अजून पुष्कळ दिवस आहेत" म्हणून खोकं परत द्यायची, आणि मग आम्ही चहा घ्यायचो. त्या खोक्यात घडी घातलेला माहितीचा एक कागद असायचा. तो मी किती वेळा हातात घेतला असेल आणि किती वेळा तसाच पुन्हा आत सरकवला असेल याची मोजदाद नाही. मी तारीख वाचत असे. तेवढंच मला विचारलं होतं.

पुढे ती भारनियमनाची वर्षं आली. उन्हाळ्यात दिवसाउजेडी पाच-पाच, सहा-सहा तास वीज जायची. गावाची लोणी वितळली, दुधं नासली आणि चाचांचं डोकं फिरलं. त्यांना एकच घोर लागला, चाचीची बाटली ऊन धरायला नको. त्यांनी त्या पोपटी फ्रिजला दोन्ही बाजूंनी गोधड्या बांधल्या, पाठ मात्र उघडी ठेवली. दार दिवसातून दोनदाच उघडायचं असा कायदा केला. आतली चकती एकदम सातवर नेली. एक ते सात आकड्यांत सात म्हणजे सगळ्यात थंड. एरवी त्यांनी कुणाच्या घरी चकती चारच्या वर जाऊ दिली नसती. हिशेब सरळ होता: रात्रभर वीज असते तेव्हा फ्रिजनं पोटात एवढी थंडी साठवायची की दिवसभर पुरावी. आणि बाटली ठेवायची जागा त्यांनी सगळ्यात मायेची निवडली, थेट बर्फाच्या खणाखालच्या ताटलीत. चाचांच्या धंद्यात फ्रिजची परीक्षा एकच असते. दुरुस्त झाला की ताटलीत पाण्याची वाटी ठेवायची आणि बर्फ किती वेळात धरतो ते बघायचं. बर्फ धरला की फ्रिज पास. ज्या माणसाचा सगळा जन्म ऊब या एका शत्रूशी लढण्यात गेला, त्याला थंडीची भीती कुठून वाटणार.

त्या उन्हाळ्यात चाची एकदा खोकं घेऊन आली. मी तारीख वाचली. चहा पिता पिता ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "बाई, तुमच्या चाचाचा फ्रिज लई कडक हाय. सकाळी बघते तो बाटली पूरी बर्फ. मुठीत धरून बसावं लागतं, तवा कुठं सुईत येती. सगळ्या औरंगाबादेत असा फ्रिज नसंल." मीही हसले. आमच्या घरी तेव्हा लोणी पातळ होत होतं. मी म्हटलं, "मग सांगा की चाचांना, खूश होतील." तर ती पान चावत म्हणाली, "नाय सांगत. आदीच कमी हाय का? अजून चढून बसंल." आणि आम्ही दोघी पुन्हा हसलो. मी तो प्रसंग त्यानंतर हजारदा डोळ्यांपुढून नेला आहे. प्रत्येक वेळी मला वाटतं, आता तरी मी तो घडीचा कागद उघडीन. पण मी हसतच राहते.

सकाळची सुई चाची स्वतः घ्यायची, कारण चाचा पहाटेच दुकानाकडे निघत. संध्याकाळची ते द्यायचे. तोवर दिवसभराच्या भारनियमनानं बर्फाचं पुन्हा पाणी झालेलं असे. बाटलीतलं औषध मुळातच दुधासारखं गढूळ, हलवून घ्यायचं. गोठून सुटलेलं आणि न गोठलेलं यांत त्यांना काही फरक दिसत नव्हता. चाची त्या उन्हाळ्यात वाळायला लागली. सारखी तहान तहान करायची. तिच्या पायाला ठेच लागली ती भरेना. औषध वाढवलं, म्हणजे तेच औषध जास्त घ्यायला लागली. आषाढात तिला दवाखान्यात ठेवलं तेव्हा चाचा कागदपत्रं वाचायला मला सोबत घेऊन गेले.

डॉक्टर कोवळ्या वयाचा होता आणि फार चांगला वागला. त्यानं सगळं विचारलं, वेळेवर घेता का, जेवण काय, आणि मग औषध कुठं ठेवता. चाचा ताठ बसले. "माझ्या फ्रिजमध्ये, साहेब. मी सोता बांधलाय. सात नंबरवर असतो." डॉक्टरनं लिहिता लिहिता मान वर केली. "बाटली गोठत नाही ना कधी?" चाचा म्हणाले, "नाय साहेब. रोज संध्याकाळी मीच भरतो. पाण्यावानी पातळ असती." मग डॉक्टरनं हळूहळू समजावून सांगितलं. हे औषध उन्हानं जसं बिघडतं तसंच गोठल्यानंही मरतं, मग पुन्हा पातळ झालं तरी त्यात काही उरत नाही. ते फ्रिजच्या दारात ठेवायचं, बर्फाजवळ कधीच नाही. मी बाजूच्या खुर्चीत होते. माझ्या कानात चाचीचं हसणं होतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघत होते तेव्हा चाचा आले. त्यांनी पहिल्यांदाच फ्रिजकडे बघितलं नाही. खिशातून रुमालात गुंडाळलेली एक रिकामी बाटली काढून ओट्यावर ठेवली. तिच्यात त्यांनी साधं पाणी भरून ती त्याच ताटलीत ठेवली होती. पाण्याचा खडा झाला होता. "गोठतंय, बाई," ते म्हणाले. "मी बर्फ धरतो का बघायला दुसऱ्याच्या घरी तास तास बसलो. माझ्या घरी सकाळचं दार कवा उघडून बघितलं नाय." मग म्हणाले, "तिनं बी बघितलं नसंल. बघितलं असतं तर बोलली असती." मी चहाचं आधण ठेवलं. ती बाटली ओट्यावर आमच्या दोघांच्या देखत पाणी होत गेली.

चाची नवव्या दिवशी गेली. नवं औषध लागू पडायला लागलं होतं, पण पायाचं विष अंगात भिनलं होतं. शेवटपर्यंत ती शुद्धीवर होती आणि मला भेटली तेव्हा तिनं चाचांचा चष्मा दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. फ्रिजबद्दल ती काही बोलली नाही. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुकान दोन महिने बंद होतं. मग एक दिवस चाचा पुन्हा गल्लीत दिसले, आणि लोक म्हणायला लागले की म्हातारा बिथरला. ज्या ज्या घरचा फ्रिज त्यांनी आयुष्यात उघडला होता त्या त्या घरी ते न बोलावता जायला लागले. आत शिरायचे, चकती दोनवर आणायचे आणि विचारायचे, "घरात शुगर कुणाला हाय?" असं दारात कुणी विचारतं का? एका घरी मुलगी बघायला पाहुणे बसले होते, त्यांच्यासमोर यांनी तोच प्रश्न विचारला. ते लग्न जमलं हे नशीब. दुखणेकरी सापडला की ते त्याची बाटली दाराच्या कप्प्यात ठेवत आणि वर काळ्या रंगानं आपल्या वळणाच्या अक्षरांत लिहीत, 'दवा दारात.' एका कीर्तनकारांच्या फ्रिजवर ते लोकांनी 'दवा-दारू' असं वाचलं आणि बुवांची बरेच दिवस थट्टा झाली. बायका ती अक्षरं रॉकेलनं पुसत, चाचा पुढच्या फेरीत पुन्हा लिहीत. पण आमच्या मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त तलाठ्यांच्या घरी त्यांना बाटली मागच्या कोपऱ्यात, बर्फाला टेकलेली सापडली. चाचा तिथंच फरशीवर बसले. मग उठले, ती बाटली मोरीत ओतली, तलाठीणबाई ओरडत असताना औषधाच्या दुकानात जाऊन नवी घेऊन आले आणि दारात ठेवली. ते तलाठी अजून हिंडतात-फिरतात. चाचांचा विषय निघाला की हात जोडतात.

माझ्याकडेही ते येत. आमच्या घरी शुगर नव्हती, तरी येत. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावत, तिकीट ओढून बघत, पण मला रागावत नसत. खरं सांगायचं तर त्यांनी रागवावं म्हणून मी एकदा मुद्दाम गरम दूध फ्रिजमध्ये ठेवलं. त्यांनी ते मुकाट्यानं बाहेर काढून ओट्यावर झाकून ठेवलं. आणि दर वेळी निघताना चपला घालता घालता एकच वाक्य म्हणत, "तिनं बघितलं असतं तर बोलली असती." मी दर वेळी ऐकत असे. सांगितलं तर यांना काय होईल? बायकोनं बघितलं होतं, शेजारणीला सांगितलं होतं, दोघी शहाण्या बायका हसत बसल्या होत्या, हे कळल्यावर हा माणूस माझ्या दारात पुन्हा उभा राहील का? अशी मी स्वतःची समजूत घालत असे. मला त्यांची काळजी होती की माझी, हे मी कधी खोलात जाऊन विचारलं नाही. अशी किती वर्षं गेली.

शेवटी त्यांची मुलगी त्यांना जालन्याला न्यायला आली. चाचांचे हात कापायला लागले होते, तार जोडता येत नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी ते निरोप घ्यायला आले. आमचा तोच जुना फ्रिज त्यांनी हातानं चाचपला, दार लावून बघितलं आणि खुर्चीवर टेकले. "आता ह्याला तुमीच बघा," म्हणाले. आणि चपलांकडे बघून पुन्हा ते वाक्य सुरू केलं, "तिनं बघितलं असतं तर..."

"चाचा, तिनं बघितलं होतं," मी म्हटलं.

मग मी सगळं सांगितलं, तारीख वाचली ते, चहा, तिचं हसणं, माझं हसणं. मी रडत होते. ते रडत नव्हते. त्यांनी विचारलं, "ती काय म्हणली? तिच्या तोंडानं सांगा."

मी तिच्यासारखं म्हणून दाखवलं. "तुमच्या चाचाचा फ्रिज लई कडक हाय. सगळ्या औरंगाबादेत असा फ्रिज नसंल."

"हसत व्हती?"

"खूप हसत होती. म्हणाली, चाचाला सांगणार नाही, चढून बसेल."

चाचांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला. "चाळीस वर्सांत," ते म्हणाले, "माझ्या तोंडावर एकदा बी चांगला म्हणली नाय. कबाडी म्हणायची. मला वाटायचं, हिला माझ्या कामातलं काय कळतच नाय." मग म्हणाले, "अजून एकदा सांगा." मी अजून एकदा सांगितलं. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला जड वाटला आणि त्या हाताखाली उभं राहायची माझी लायकी नव्हती असं मला अजूनही वाटतं.

जालन्याहून त्यांचा दर ईदला फोन यायचा. मुलांचं, ह्यांचं, फ्रिजचं विचारून झालं की ते गप्प व्हायचे. मी काय ते समजायची आणि चाचीचं ते वाक्य म्हणायची, पानाचा तोबरा भरल्यासारखं, जमेल तसं. पलीकडून "हां" एवढंच यायचं आणि फोन ठेवला जायचा. गेल्या ईदला फोन मुलीचा आला. चाचा आठ दिवसांपूर्वी गेले होते. ती म्हणाली, "मावशी, एक विचारू का? अब्बा दर ईदला तुमच्याकडून फोनवर काय ऐकायचे?" मी तिला सांगितलं, तिच्या आईनं म्हटलं होतं तसंच. ती आधी हसली. मग म्हणाली, "अजून एकदा सांगा."